दम, धाप आणि दमा

प्रश्न (फोंडा): आरोग्य केंद्रासाठी मराठी माहितीपत्रक तयार करीत आहे. मूळ मजकुरातील 'डिस्प्निया' (श्वास अपुरा पडत असल्याची जाणीव) या शब्दासाठी कोणी 'धाप' सुचवतात, तर कोणी 'दमा'. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

उत्तर (म्हापसा): 'दमा' मुळीच नको, कारण ते एका रोगाचे नाव आहे. 'दम' हा मूळ फारसी शब्द असून त्याचा अर्थ श्वास. 'एका दमात' या प्रयोगात तो अजून टिकून आहे. त्याच कुळातला 'दमा' मात्र रोगापुरताच उरला. या रोगात फुफ्फुसांतील लहान श्वासनळ्यांचे अस्तर सुजते, त्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना या नळ्या एरवीही किंचित अरुंद होत असल्यामुळे हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकणेच रुग्णाला अधिक जड जाते. छातीतून शिळेसारखा आवाज येतो तो त्यामुळेच.

'धाप' ही दुसऱ्याला दिसणारी गोष्ट आहे. पणजीतला आल्तिनोचा चढ भराभर चढलेल्या निरोगी माणसालाही धाप लागते, कारण स्नायूंची प्राणवायूची गरज वाढली की मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासपटलाला अधिक वेगाने हलवते आणि एरवी मिनिटाला 12 ते 20 असणारे श्वास बरेच वाढतात. याला कोणी आजार म्हणणार नाही. 'डिस्प्निया' ही मात्र रुग्णाला स्वतःला जाणवणारी तक्रार आहे, आणि फुफ्फुसे ठीक असूनही हृदयविकारात किंवा रक्तक्षयात ती उद्भवू शकते. रुग्ण ती 'दम लागतो' अशाच शब्दांत सांगतो. माझे मत त्याच प्रयोगाला.

उत्तर (पेडणे): 'दम लागणे' वाचून काहींना दमाच आठवेल, ही भीती मला वाटते. 'श्वास घेण्यास त्रास होणे' अधिक निःसंदिग्ध आहे, शिवाय कोकणीतल्या 'उस्वास घेवपाक त्रास'शी ते जुळते, आणि आपल्याकडे पत्रक दोन्ही भाषांत निघते.

उत्तर (म्हापसा): मान्य. श्वास सोडण्याच्या त्रासालाही व्यवहारात 'श्वास घेण्यास त्रास' असेच म्हणतात, तेव्हा त्या बाजूने अडचण नाही. शीर्षकात तुमचा प्रयोग ठेवावा आणि आत लिहावे: 'थोडे चालल्यावरही दम लागत असेल किंवा आडवे पडल्यावर श्वास कोंडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.' यातले 'आडवे पडल्यावर' जागा वाचवण्यासाठी गाळू नये. हृदय दुर्बल झाल्याची ती महत्त्वाची खूण असू शकते.