पानात पान होऊन बसलेला किडा चित्रात दिसायला हवा का? (मारिअ‍ॅन नॉर्थचे पानकिडे)

रानवाट: मारिअ‍ॅन नॉर्थ या इंग्रज चित्रकार बाईचं एक तैलचित्र आहे, पानकिडे आणि काडीकिडे एकत्र काढलेलं. परवा बघितलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, जन्म १८३०, लग्न केलं नाही, वडील हेस्टिंग्जचे खासदार होते ते १८६९ ला गेले आणि मग चाळिशीतली ही बाई रंगांची पेटी घेऊन निघाली ती जमैका, ब्राझील, बोर्निओ, जावा, सिलोन, आपला भारत, नंतर सेशेल्स, चिली अशी १८८५ पर्यंत फिरतच राहिली. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये स्वतःच्या पैशाने गॅलरी बांधून दिली, १८८२ मध्ये उघडली, ८०० हून जास्त चित्रं एकमेकांना खेटून लावलीत. (गॅलरीचा आराखडा जेम्स फर्ग्युसनचा, तोच ज्याने आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांवर लिहिलं.)
माझं मत असं की सगळे तिला फुलांची चित्रकार म्हणतात पण तिची खरी नजर या किड्यांमध्ये दिसते. फुल स्वतःहून दिसतं, पानकिडा शोधावा लागतो.

पेरूचंझाड: पटलं नाही. पानकिड्याचं अख्खं आयुष्य न दिसण्यावर चालतं. रत्नागिरीला आजीच्या परड्यात पेरूवर काडीकिडा असायचा, आजी बोट दाखवायची तरी मला दोन मिनिटं दिसायचा नाही, आणि मग तो जरासा डुलला की एकदम दिसायचा आणि अंगावर काटा यायचा. तो क्षण चित्रात कुठून येणार? चित्राला नाव दिलंय ‘पानकिडे’, म्हणजे आपण आधीच शोधायला लागतो. पक्ष्याला कुणी नाव वाचून दाखवत नाही. हुबेहूब काढलं तर कुणाला दिसणार नाही आणि दिसेल असं काढलं तर तो पानकिडा राहिलाच नाही, कसंही केलं तरी चित्र हरतंच.

टाचणी: मी कीटकशास्त्र शिकलेय, त्यामुळे दुसऱ्या बाजूने बोलते. कॉलेजच्या पेटीत टाचणीला लावलेला पानकिडा मी पाहिलाय, पिवळट तपकिरी, वाळक्या पानासारखा. मेल्यावर त्याचा हिरवा रंग टिकत नाही. आणि १८७०-८० च्या काळात फोटोत रंग नव्हते. म्हणजे तेव्हा इंग्लंडात बसलेल्या माणसाला तो जिवंतपणी किती हिरवा असतो हे कळायला रंगवलेलं चित्र सोडून फारसा मार्ग नव्हता! ही बाई म्युझियमच्या पेट्या समोर ठेवून काढणाऱ्यांतली नव्हती, जिथे जाईल तिथे जागेवर बसून रंगवायची. माझ्यासाठी हे चित्र म्हणजे पुरावा आहे.

जलरंग_७: पुरावा म्हणायला मी तयार नाही हो ताई. शास्त्रीय चित्राची शिस्त वेगळी असते, जलरंग, बारीक ब्रश, पांढरा कागद, प्रत्येक भाग मोजून. पानकिड्याची मादी रुंद, तिचे पुढचे पंख पोटावर पानाच्या शिरांसारखे पसरलेले, मिशा अगदी आखूड, तर नर सडपातळ, मिशा लांब आणि तो उडू शकतो. हे सगळं ठामपणे दाखवलं तरच अभ्यासाला उपयोग. तैलरंगाचा जाड हात तिथे अडतो. नॉर्थने तैलरंग शिकायला घेतले तेच १८६७ च्या सुमारास, आणि भराभर काढायची. चित्र म्हणून मलाही आवडतं, पण मोजमापाच्या कामाचं नाही.

रानवाट: जलरंग, मग नेपेंथिस नॉर्थियानाचं काय? बोर्निओतल्या सारवाकमध्ये तिने काढलेली ती मोठी घटपर्णी लंडनच्या व्हीच नर्सरीने चित्रात बघितली, मुद्दाम माणूस पाठवून झाड आणवलं, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरने १८८१ मध्ये तिच्या नावाने नवी जात म्हणून नोंदवली. जाड हाताच्या तैलचित्रावरूनच ना?

खेकडा_कोकण: त्याच उदाहरणात मला खुपणारी गोष्ट आहे. त्या घटपर्ण्या रानातून तिच्यासाठी आणल्या होत्या एव्हरेट नावाच्या एका इंग्रज माणसाने. त्याचं नाव राहिलं. पण त्याच्या पुढे वाट काढणारे तिथले लोक, बोटी वल्हवणारे, त्यांचं नाव कुठे? काडीकिडा कुठल्या फांदीवर सापडतो हे बाहेरून आलेल्याला कळत नाही, तिथे वाढलेल्यालाच कळतं. पेरूचंझाड यांच्या आजीसारखं. ती धाडसी होती यात वादच नाही, पण मोठ्या लोकांच्या ओळखीची पत्रं होती, गव्हर्नरांचे बंगले होते. एकटी हा शब्द जपून वापरा एवढंच म्हणणं आहे.

रानवाट: हे मान्य. मी एकटी हा शब्द वापरला नाही पण डोक्यात तेच होतं.

टाचणी: खेकडा यांचा मुद्दा बरोबर आहे आणि त्यावर स्वतंत्र बोलायला हवं. पेरूचंझाड, तुमच्यासाठी अजून एक. पानकिडा अंड्यातून बाहेर येतो तेव्हा हिरवा नसतोच, तांबूस काळपट असतो, पानं खायला लागला की हिरवा होतो. अंडीसुद्धा बियांसारखी दिसतात. जर्मनीत मेसेलच्या खाणीत ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा पानकिडा दगडात सापडलाय, तेव्हाही असाच पानासारखा. न दिसणं हे एका क्षणाचं नाही, अंड्यापासून सुरू होतं.

पेरूचंझाड: बियांसारखी अंडी हे माहीत नव्हतं. तरी माझं मत तेच आहे, डुलण्याशिवाय पानकिडा पूर्ण नाही, वाऱ्यात पान हलावं तसा तो चालताना हलतो आणि रंगात हलणं येत नाही. पण एक सांगते, काल रात्री ते चित्र मोठं करून आईला दाखवलं, नाव न सांगता. ती म्हणाली पानं छान आहेत. मग थोड्या वेळाने म्हणाली, थांब, याला पाय आहेत गं.