फोन काढून घेतला की पोरं आठ दिवसांत सरळ होतात म्हणे!

सांजवात
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा फॉरवर्ड: ‘आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं, कारण मोबाइल नव्हता. पोरांचे फोन काढून घ्या, आठ दिवसांत सरळ होतील.’ खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं की सेक्रेटरींना राग येतो, म्हणून इथे लिहितेय.

मी काढून घेतला होता. साताऱ्याहून पुण्यात आलो तेव्हा लेक नववीत. जेवायची नाही, बोलायची नाही, सारखं फोनमध्ये तोंड. फोन कपाटात टाकला, किल्ली पर्समध्ये. सरळ कसली होतेय, रडून रडून ताप काढला पोरीने. मग हळूहळू उलगडलं. नव्या वर्गातल्या मुलींनी हिला वगळून ग्रुप केला होता, आणि साताऱ्याच्या दोन मैत्रिणी एवढाच तिचा आधार होता. तोच मी कुलपात ठेवला. शेवटी समुपदेशक गाठले.

आणि ‘आमच्या वेळी नव्हतं’? माझी एक आत्या वर्षानुवर्षं माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तिला ‘बाहेरचं झालंय’ म्हणायचे. तेव्हा घरात रेडिओसुद्धा नव्हता.

येरळाकाठचा
ताई, वाईट वाटलं वाचून. पण आमच्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव बघा. १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. मी शेजारच्या गावात मास्तर आहे, ऐकीव सांगत नाही. माझाच पोरगा रात्री अडीचपर्यंत रील्स बघायचा आणि पहिल्या तासाला बाकावर घोरायचा. फोन काढला. चार दिवस आदळआपट, पाचव्या दिवशी झोप लागली. झोप झाली की निम्मी चिडचिड जाते. अजून कसलं संशोधन पाहिजे?

बटाटेवडा
संशोधन आहे ना मास्तर. २०१९ साली ऑक्सफर्डच्या दोघांनी साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती चाळली. मुलांच्या बऱ्या-वाईट वाटण्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के फोन-टीव्ही-कॉम्प्युटरशी जोडता आला. बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला. वडापावच्या गाड्यांवर पण भोंगा लावायचा का?

येरळाकाठचा
तालुक्याच्या सरासरी पावसावर माझ्या रानातली ज्वारी येत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीची आतली कागदपत्रं तिथेच नोकरी केलेल्या फ्रान्सिस हॉगनबाईंनी २०२१ ला बाहेर काढली, त्यात काय होतं? इन्स्टाग्राममुळे तीनातल्या एका मुलीला स्वतःच्या शरीराची लाज वाटते.

बटाटेवडा
अर्धवट वाचलंत. ज्या मुलींना आधीच शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या ३२ टक्के म्हणाल्या की इन्स्टाग्रामने ते वाढवलं. सरसकट सगळ्या मुली नव्हेत.

येरळाकाठचा
बरं, मग ज्यांना आधीच त्रास आहे त्यांचाच वाढतोय. फारच दिलासादायक.

यारातीर
आमच्याकडे ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना सोशल मीडियाची खातीच बंद. भाच्याची सगळी टोळी गेमच्या चॅटमध्ये हलली, ते बंदीत येत नाही. संपला विषय.

अवांतर: पोरांचं सोडा, नाशिकला माझ्या बाबांचा फोन कोण काढून घेणार? पहाटे चारला ‘शुभ प्रभात’, पाचला ‘हे खाल तर कॅन्सर’. मागच्या वर्षी कुठलासा काढा वाचून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. मी इथून विमानाची तिकिटं बघत बसले होते.

अडकित्ता
+१००. आमच्या सासऱ्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर राजकारण टाकून दोन चुलत भावांत कायमचा अबोला करून ठेवलाय. लग्नाच्या पत्रिका वेगवेगळ्या दिवशी द्याव्या लागतात. वर ‘निळी खूण दिसली, उत्तर नाही दिलंस सूनबाई’. कणीक मळत होते हो! माझ्या मनःस्वास्थ्याचं काय? सगळ्या ज्येष्ठांचे फोन जमा करा, निम्मा कचरा थांबेल.

पेन्शनर अण्णा
त्या कचऱ्यातला एक मी. वय ७१, मुक्काम रत्नागिरी. बायको गेल्यापासून घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. आम्ही शाळेतले सहा जण रोज सकाळी ‘सुप्रभात’ टाकतो. त्यातल्या फुलांकडे कोण बघतंय? हजेरी असते ती. गेल्या पावसाळ्यात माझी हजेरी पडली नाही, तेव्हा मित्राने शेजाऱ्यांना उठवलं. मी न्हाणीघरात पडलो होतो, खुब्याचं हाड मोडून. अमेरिकेतल्या मुलाला दुपारी कळलं. काढा आता माझा फोन.

यारातीर
काका, तुमच्याबद्दल नव्हतं ते. पण गोळ्या बंद करणं…

पेन्शनर अण्णा
मी एकही गोळी बंद केलेली नाही. सगळे म्हातारे अडाणी नसतात. मुलांना फोन लावला की ‘मीटिंगमध्ये आहे’. मग बोलायचं कुणाशी, घड्याळाशी?

अडकित्ता
काका, पडलात याचं वाईट वाटतं, खरंच. पण त्यामुळे बाकीचे फॉरवर्ड पवित्र होत नाहीत. २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून पाच जणांना मारून टाकलं. अफवा मोबाइलवरूनच फिरत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, ही मर्यादा त्याच महिन्यात जाहीर झाली.

पेन्शनर अण्णा
म्हणजे आता मी खुनी. छान. रजा घेतो.

बटाटेवडा
धागा नववीतल्या मुलीवर होता ना? ज्येष्ठ नागरिक संघाची सर्वसाधारण सभा कधी सुरू झाली?

सांजवात
अण्णा, जाऊ नका. माझ्या लेकीच्या दोन मैत्रिणी आणि तुमचे शाळेतले मित्र यांत मला तरी फरक दिसत नाही.

मास्तर, झोपेचं तुमचं मान्य. मनापासून नाही, पण मान्य. गेले वर्षभर रात्री दहानंतर आमच्याकडे सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला असतात, माझाही. लेकीची अटच तशी होती, ‘तुझाही ठेवणार असशील तर’. पहिला आठवडा तिला सोपा गेला, मला नाही. मात्र हे तिच्याशी बोलून ठरवलं, कुलूप घालून नाही.

येरळाकाठचा
वडगावानेही बोलूनच ठरवलं, ग्रामसभेत. तेच तर सांगत होतो, पण इथे बटाट्यांतच सगळे रमले.

बटाटेवडा
मास्तर, सव्वासात वाजलेत. भोंगा ऐकू नाही आला?

येरळाकाठचा
मी शेजारच्या गावचा आहे, वर लिहिलंय. वाचत चला. आणि केंद्रप्रमुखांनी उद्याची माहिती ग्रुपवर आत्ताच मागितलीय, फोन ठेवू कुठे?