ईझेडएच२ च्या सेट डोमेनमध्ये सॅमला जागाच दिसेना

खानापूरकर: नमस्कार मंडळी, बेळगावात एमएस्सी बायोटेक करायलोय, सेमिनारला माणसाच्या ईझेडएच२ या एन्झाइमचं सेट डोमेन, म्हणजे मिथाइल लावायचं काम करणारा भाग, घेतलंय. २०१३ मधलं नुसत्या डोमेनचं क्रिस्टल स्ट्रक्चर पायमॉलमध्ये (प्रथिनाचा आकार बघायचं सॉफ्टवेअर) उघडलं तर सॅम (मिथाइल देणारा रेणू) बसायची जागा अर्धवटच दिसायलीय, आणि हिस्टोनची (डीएनए ज्यावर गुंडाळतो त्या प्रथिनाची) शेपटी जिथनं जाते ती खाच तर पूर्ण अडलीय. हे एन्झाइम एच३ या हिस्टोनच्या २७ नंबरच्या लायसीन या अमिनो आम्लाला मिथाइल लावतं म्हणतात, मग लावतं कुठनं? फाइल बिघडलीय काय?

निपाणीची ताई: फाइल बरोबर आहे रे. ईझेडएच२ एकटं असलं की बंदच असतं, ते चालू व्हायला ईईडी आणि एसयूझेड१२ ही प्रथिनं सोबत लागतात, तिघं मिळून पीआरसी२ या प्रथिनांच्या कॉम्प्लेक्सचा गाभा. तुझ्या स्ट्रक्चरमध्ये पोस्ट-सेट भाग, म्हणजे सेटच्या लगेच पुढचा तुकडा, बघ, तो नेहमीच्या जागेवर नाहीच, त्यामुळं सॅमच्या खिशाची एक बाजू तयारच होत नाही. त्यात डॉकिंग (रेणू कसा बसतो याचं कॉम्प्युटरवरचं गणित) करू नको, आकडा येईल पण त्याला अर्थ नाही.

चिकोडी_लॅब: ताईंचं बरोबर आहे. २०१५ ला किटोमियम थर्मोफिलम या बुरशीच्या कॉम्प्लेक्सचं स्ट्रक्चर सुटलं, २०१६ ला माणसाचं, ते घे. माणसाच्या त्या स्ट्रक्चरमध्ये एच३ चा तुकडा आहे पण २७ ला लायसीनऐवजी मेथिओनीन, लहान मुलांच्या मेंदूच्या एका वाईट कॅन्सरमध्ये हाच बदल सापडतो, आणि ते मेथिओनीन बरोबर लायसीनच्या बोगद्यात शिरलंय. सेमिनारमध्ये वाय६४१, म्हणजे ईझेडएच२ मधलं ६४१ नंबरचं टायरोसीन, पण घाल. लिम्फोमात (लसिका पेशींच्या कॅन्सरमध्ये) हे टायरोसीन बदलतं. साधं एन्झाइम पहिला मिथाइल झटकन लावतं, तिसऱ्याला अडतं, बदललेलं नेमकं उलटं, पहिला जमत नाही पण दुसरा-तिसरा जोरात, म्हणून पेशीत साधी आणि बदललेली अशा दोन्ही प्रती असल्या की एच३ वर तीन-तीन मिथाइल साठत जातात. सॅमच्या जागेवर बसणारं टॅझेमेटोस्टॅट हे औषध याच धाग्यानं आलं, अमेरिकेत २०२० ला मान्यता.

निपाणीची ताई: आणि आधी सेट७/९ या मिथाइल लावणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचं २००३ चं स्ट्रक्चर बघ, एका बाजूनं हिस्टोन, विरुद्ध बाजूनं सॅम आणि मधी अरुंद बोगदा, सगळं स्वच्छ दिसतं.

खानापूरकर: ताई, दादा, लई उपकार. सेट७/९ वर माझं डोमेन चढवून बघितलं, सेटचा गाभा बऱ्यापैकी जुळतोय, पोस्ट-सेटच तेवढं भलतीकडं वळलंय. आता २०१६ चं डाउनलोड करायलोय, ईईडीला वेगळा रंग देऊन ते ईझेडएच२ ला कुठं कुठं धरतंय तेवढंच मांडतो.