जुनी बोट: बोरायडर की पाँटून?

नमस्कार मंडळी,
मुलांनी दोन वर्षं धोशा लावलाय, यंदा बोट घ्यायचीच. दोन जुन्या बघून ठेवल्यात. २००७ ची १९ फुटी बोरायडर (नाकातही बसायला जागा असलेली वेगवान बोट), मर्क्रुझर कंपनीचं ४.३ लिटरचं स्टर्नड्राइव्ह इंजिन, मीटरवर चाललेले ३१० तास, १०,५०० डॉलर. दुसरं २०१२ चं २० फुटी पाँटून (पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट), ९० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन, १३,००० डॉलर. ट्यूबिंगसाठी (बोटीमागे हवेच्या ट्यूबवर बसून ओढून घ्यायला) मुलं बोरायडरवर लट्टू आहेत. जूनमध्ये सासूबाई नाशिकहून येतील, त्यांचे गुडघे दुखतात. ओढायला घरची मिनीव्हॅन. काय करावं?
– नोव्हायहून

*

ताई,
आधी मिनीव्हॅन. तिची ओढायची मर्यादा फार तर ३५०० पौंड. बोरायडर रिकामीच २८०० च्या आसपास, ट्रेलर सात-आठशे, पेट्रोल गॅलनला ६ पौंड, वर तुमचे जेवणाचे डबे. गणित तिथेच फसतं. पाँटूनही काठावरच बसेल, त्यामुळे कुणाचा तरी ट्रक बघून ठेव.

स्टर्नड्राइव्ह मी नऊ वर्षं पोसलंय. इंजिन बोटीच्या पोटात, पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर, मध्ये रबरी भात्यासारखी बेलोज. तिला भेग पडली की पाणी आधी आतल्या गिंबल बेअरिंगमध्ये (इंजिनाचा दांडा ज्यात फिरतो त्यात), मग बोटीत. शेवटची कधी बदलली ते विचार. मालक ‘आठवत नाही’ म्हणाला तर २००७ चीच समज.

आणि आपली मिशिगनची थंडी! इंजिनाच्या ब्लॉकमधलं पाणी वेळेत काढलं नाही तर ते गोठून ब्लॉक तडकतो. माझा तडकला. ‘पुढच्या रविवारी करू’ म्हणत राहिलो, पारा शुक्रवारीच उतरला. आउटबोर्ड सरळ उभं ठेवलं की पाणी आपसूक निथळतं.

माझं मत पाँटूनला. धक्क्यावरून सरळ पाऊल टाकून आत जाता येतं, आजींना बोरायडरच्या कडेवरून चढवणार कसं? मात्र गालिच्याखाली प्लायवूड असतं. अनवाणी चालून बघ, पाय दबला तर कुजलंय. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लाव. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर पाणी मुरतंय.
– कँटनचे काका

*

काका, पाँटून ठीक, पण लेक सेंट क्लेअरवर नेणार असाल तर सांभाळून. तळं अवाढव्य आणि उथळ, सरासरी ११ फूट. वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात, पाँटूनचं नाक बुडून पाणी थेट डेकवर. तिथे बोरायडरचा व्ही आकाराचा तळच कामाचा. आणि केंट लेकवर ताशी १० मैलांची मर्यादा, ट्यूबिंग विसरा. सहा वर्षांखालच्या मुलांना उघड्या डेकवर लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. सासूबाईंसाठीही साडीवर बसेल असं एक घ्याच.
– ट्रॉयहून

*

सगळ्यांचे आभार. आम्ही जाणार ते सेंट क्लेअरवर नाही, कॅस लेकवर, म्हणजे पाँटूनच. ९० हॉर्सपॉवरमध्ये ट्यूब ओढली जाईल, थोडी संथ. मुलं रुसलीत, रुसू देत. शनिवारी सकाळी बघायला जातोय. काका, याल ना? अनवाणी चालायचं काम तुमचं, पोहे मी आणते.
– नोव्हायहून