बोस्नियातील महिला संघटना : आपण काय पाहिले?

1992 ते 1995 या काळातील युद्ध डेटन कराराने थांबवले खरे, पण त्याच कराराचे चौथे परिशिष्ट बोस्निया-हर्झेगोविनाची राज्यघटना होऊन बसले. बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट या तीन समाजांचे तीन अध्यक्ष, दोन स्वायत्त विभाग आणि त्यांतील एकात पुन्हा दहा कँटन, अशा रचनेत अडवणे सोपे आणि ठरवणे अवघड असते. 2018 च्या निवडणुकीनंतर फेडरेशन या विभागाला नवे सरकार मिळायला 2023 उजाडले. या काळात लोकांची कामे अडली, ती बऱ्याच ठिकाणी महिला संघटनांनी अंगावर घेतली. तेथे राहिलेल्या किंवा काम केलेल्या मराठी मंडळींनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करते.

मी दुभाषी म्हणून झेनित्सा येथे काही महिने होते. तेथील ‘मेडिका’ ही संस्था स्त्रीरोगतज्ज्ञ मोनिका हाउझर आणि स्थानिक स्त्रियांनी 1993 मध्ये, तोफा चालू असतानाच उभी केली. युद्धातील बलात्कारपीडितांना ‘नागरी युद्धबळी’ म्हणून स्वतंत्र मान्यता फेडरेशनमध्ये 2006 साली मिळाली, तर सर्पस्का प्रजासत्ताक या दुसऱ्या विभागात तसा कायदा येण्यास 2018 उजाडले. मला भेटलेल्या एका बाईंनी दुसऱ्या विभागातील माहेरच्या गावी परत जायचे टाळले होते, कारण पत्ता बदलला की या मान्यतेमुळे मिळणारे निवृत्तिवेतन जाईल, ही धास्ती. अत्याचार एकच, पण त्याची दखल घराच्या पत्त्यावर अवलंबून, हे मला आजही पचलेले नाही.

निवृत्त पोलीस अधिकारी, सोलापूर

ताई, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस पथकात तेथे होतो. आम्ही निःशस्त्र होतो, काम देखरेखीचे. टुझला शहरात स्रेब्रेनित्साच्या स्त्रिया दर महिन्याच्या 11 तारखेला रस्त्यावर येत, हातात उशीचे अभ्रे, आणि प्रत्येक अभ्र्यावर एका बेपत्ता माणसाचे नाव भरतकामाने काढलेले. घोषणा नाही, भाषण नाही. बंदोबस्ताची सवय असलेल्या माझ्यासारख्याला त्या शांततेपुढे काय करावे, हेच कळेना.

संशोधक, हेग (मूळच्या नागपूरच्या)

वरील अनुभवाला जोडून लिहिते. स्रेब्रेनित्सा येथे जुलै 1995 मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याकडून मारल्या गेलेल्या आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलांचे मृतदेह नंतर यंत्रांनी उकरून दुसऱ्या खड्ड्यांत हलवण्यात आले, त्यामुळे एकाच माणसाची हाडे निरनिराळ्या ठिकाणी सापडतात. आयांच्या संघटनांनी रक्ताचे नमुने द्यायला घरोघरच्या नातेवाइकांना तयार केले नसते, तर डीएनए जुळवणी इतकी पुढे गेलीच नसती. स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारी येथील स्मारक दफनभूमीत दरवर्षी 11 जुलैला दफनविधी होतो. मिळालेली चार हाडे पुरायची की आणखी काही सापडेपर्यंत थांबायचे, हा निर्णय आईवर येतो. एका आजींनी मला कॉफी पाजत सांगितले की त्या थांबल्या आहेत.

पर्यावरण कार्यकर्ती, चिपळूण

मी युद्धाविषयी काही लिहिणार नाही. क्रुश्चित्सा गावच्या बायका ऑगस्ट 2017 पासून नदीवरील पुलावर पाळीपाळीने पाचशेहून अधिक दिवस बसल्या, कारण लहान जलविद्युत प्रकल्पांमुळे पाणी आटणार होते. पोलीस बायकांवर हात उगारणार नाहीत, असा त्यांचा होरा होता, तो चुकला. तरीही त्या उठल्या नाहीत, आणि 2018 च्या अखेरीस न्यायालयाने परवाने रद्द केले. 2022 मध्ये फेडरेशनने अशा नव्या प्रकल्पांवर बंदी घातली. जेथे पक्ष समाजांच्या गणितात अडकलेले असतात, तेथे पाण्याच्या प्रश्नावर पूल अडवता येतो, हे मी तेथे पाहिले.

देणगीदार संस्थेतील माजी कर्मचारी, पुणे

थोडे कडू लिहितो. आम्हीही त्या संघटनांना कमी त्रास दिलेला नाही. एका वर्षी मानसोपचार, पुढल्या वर्षी उद्योजकता, त्यापुढे हवामान, असे आमचे विषय बदलत गेले आणि समुपदेशन करणाऱ्या बायकांना त्याच कामाची नवी नावे शोधावी लागली. मी उत्साहाने बचत गटाचे उदाहरण दिले, तेव्हा एकीने शांतपणे विचारले, “आमचे विणकाम विकत कोण घेणार? तरुण तर जर्मनीला गेले.” 1991 च्या जनगणनेत सुमारे 44 लाख असलेली लोकसंख्या 2013 मध्ये सुमारे 35 लाखांवर आली होती. माझ्याकडे उत्तर नव्हते.

शाळेतील लिपिक, नाशिक

मी बोस्नियाला गेलेले नाही, तरी लिहू का? तेथे युद्धातील बलात्कारांतून जन्मलेल्या मुलांची संघटना अर्जांवर ‘वडिलांचे नाव’ याऐवजी ‘एका पालकाचे नाव’ असावे, अशी मागणी करते, हे वाचनात आले. आपल्याकडे 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहायचे आहे. आमच्या कार्यालयातले जुने छापील अर्ज मात्र अजून संपलेले नाहीत. त्यांतील वडिलांच्या रकान्यासमोर एकट्या आया थबकतात, तेव्हा मी पेन हातात घेऊन वर ‘आई’ असे लिहून देते.