मेरिस्टेम : शेंडा, डोळा की विभाजी ऊती?

मळेकरी
द्राक्षबागायतदारांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमारास वेल खरडून छाटतात ती) डोळ्यात घड कसा धरतो, त्या प्रकरणात ‘मेरिस्टेम’ पानोपानी आहे, म्हणजे पेशी विभागून नवी पानं, फांद्या काढणारा वाढीचा भाग. मी शालेय पुस्तकातला ‘विभाजी ऊती’ घातला होता, संपादकांनी सरसकट ‘शेंडा’ केला. आता एका पानावर ‘डोळ्यातील शेंडा जपावा’ आणि पुढच्याच पानावर ‘सात पानांवर शेंडा मारावा’ (म्हणजे खुडावा). बागायतदाराने नक्की काय करायचं? शब्द सुचवा.

बोलीभाषा
शेंडा, कोंब, डोळा, पोंगा, फुटवा एवढे शब्द रानात पडलेत आणि आपण ‘ऊती’ची पूजा मांडणार. ‘विभाजी’ वाचल्यावर शेतकरी पान उलटतो. संपादकांना शंभर गुण.

लोंगर
शून्य गुण! केळीत ‘शेंडा’ कुठे दाखवणार? खोड म्हणून जे दिसतं ते एकात एक बसलेले पानांचे खोलगे. वाढणारा भाग कंदात, जमिनीलगत. म्हणून तर पील (बुडातून येणारा फुटवा) वरून छाटली की मधून पुन्हा पान सरकतं. ती मारायची असेल तर जमिनीसरशी कापून मधला गाभा कोयत्याच्या टोकाने कोरून काढावा लागतो.
पोंग्याचंही तेच. ज्वारीत खोडमाशीची अळी पोंग्यातून खाली उतरते आणि बुडाशी असलेला वाढीचा भाग कुरतडते. पोंगा नंतर सुकतो, ओढला की हातात येतो. पोंगा म्हणजे नुसती गुंडाळलेली कोवळी पानं. पोंगेमर झाल्यावर खालून फुटवे येतात ते बगलेतल्या डोळ्यांचे, कारण त्यांना दाबून ठेवणारं वरचं कोणी उरलेलं नसतं.

सूक्ष्मदर्शी
‘डोळा’ही चालणार नाही. द्राक्षाचा डोळा उभा कापून पाहा: आत मुख्य कोंब, शेजारी दोन राखीव कोंब, वर खवले आणि लव. मुख्य कोंबाच्या टोकाला मेरिस्टेमची घुमटी असते, तीही मिलिमीटरच्या अंशाएवढी. ती आधी काही पानांचे उंचवटे काढते, मग पानाच्या समोरच्या बाजूला एक वेगळा उंचवटा सोडते. हा उंचवटा अजून काहीच ठरलेला नसतो. सायटोकायनिन आणि जिबरेलिन ही झाडातली दोन संप्रेरकं. सायटोकायनिनचं पारडं जड असेल तर तो फांद्यावर फांद्या काढत घड होतो. जिबरेलिनचं जड झालं तर दोन-तीन फाटे काढून थांबतो आणि बाळी होते, म्हणजे वेल ज्याने आधार धरतो तो वळणारा तंतू. आपल्याकडे हा काळ खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांचा. त्या वेळी ढगाळ हवा, जास्त पाणी, जास्त नत्र, वेल माजलेला, की बाळ्याच बाळ्या. ऑक्टोबर छाटणीआधी डोळे तपासतात ते हेच बघायला: काडीवर कितव्या डोळ्यात घड आहे त्यावर काप कुठे घ्यायचा ते ठरतं. तेव्हा डोळा ही पेटी झाली, मेरिस्टेम आतला.

तिरकमठा
मग परिभाषाच वापरा की. ‘विभज्या’ असा सुटसुटीत शब्द आहे. ‘ऊती’ला हसणाऱ्यांसाठी: संस्कृतात ‘ऊत’ म्हणजे विणलेलं आणि इंग्रजी ‘टिश्यू’ही फ्रेंचमधल्या विणण्यावरूनच आलाय. मेरिस्टेम हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेलींनी १८५८ मध्ये ग्रीक ‘मेरिस्टोस’वरून केलं, म्हणजे विभागलेलं. ‘विभाजी’ त्याला तंतोतंत आहे.

सूक्ष्मदर्शी
नेगेलींच्या शब्दाला तंतोतंत, वस्तूला नाही. घुमटीच्या मध्यावरच्या मूळपेशी (स्टेम सेल) हळू विभागतात. भराभर विभाजन कडेला होतं, जिथून पानं निघतात. मधल्या पेशींचं काम साठा टिकवणं. त्यांच्या खालच्या काही पेशी वुशेल नावाचं प्रथिन वर पाठवतात, ‘मूळपेशीच राहा’ म्हणून. वरच्या पेशी क्लॅवाटा-३ हा संदेश खाली धाडून वुशेलला आवर घालतात. हा आवर सैल पडला की घुमटी फुगते आणि अवयव जास्त येतात. रानटी टोमॅटोत साधारण दोनच कप्पे असतात, मोठ्या गरगरीत टोमॅटोत आठ-दहा दिसतात ते याच साखळीतल्या बदलांमुळे. घुमटी गोल न राहता पट्टीसारखी पसरली तर कोंबड्याचं फूल.

बोलीभाषा
बघा! कोंब, कोंबडा! कोंब पसरला म्हणून कोंबडा. आपल्या लोकांना आधीच कळलं होतं.

तिरकमठा
फुलाला पक्ष्याच्या तुऱ्यावरून नाव पडलं. पक्षी कोंबातून उगवल्याचा पुरावा असेल तर द्या.

लोंगर
अवांतर: पुस्तिकेत रोपांचं प्रकरण असेल तर ‘मेरिस्टेम कल्चर’ (नुसत्या घुमटीपासून रोप) आणि ‘शूट टिप कल्चर’ (कोंबाच्या मोठ्या टोकापासून रोप) या दोन्हींना ‘ऊती संवर्धन’ म्हणू नका. विषाणू काढायचा तर घुमटी आणि एखाद-दुसरा पानाचा उंचवटा एवढंच घेतात, ०.१ ते ०.५ मिमी. तिथवर विषाणू वाहून आणणाऱ्या वाहिन्या पोचलेल्या नसतात. शिवाय वुशेल विषाणूला दाबतं, हे २०२० मध्ये दिसून आलं. तुकडा मोठा घेतला तर विषाणू सोबत येतो, फार लहान घेतला तर जगत नाही. केळीची धंदेवाईक रोपं काही मिलिमीटरच्या टोकापासून करतात. म्हणजे मातृवृक्षाची पर्णगुच्छासाठी (केळीचा विषाणूजन्य रोग) तपासणी झाली असेल तरच ती निरोगी. नुसत्या ‘टिश्यू कल्चर’ लेबलावर विसंबू नये.

मळेकरी
माहिती छान, पण माझं वाक्य अजून तिथंच आहे. ‘वाढबिंदू’ चालेल?

बोलीभाषा
चालेल. ‘विभज्या’पेक्षा लाख पटीने बरा.

सूक्ष्मदर्शी
बिंदू कसला? थर आहेत त्यात, आणि प्रत्येक थर आपापली वंशावळ चालवतो. शॅम्पेनसाठी लावतात त्या पिनो मनिए जातीत बाहेरच्या थरात एक जनुकबदल आहे. त्यामुळे कोवळ्या पानांवर पांढरी लव असते. फक्त त्या थरापासून रोप वाढवलं तर वेल बुटका होतो आणि बाळीच्या जागी घड येतात, कारण तो जिबरेलिनला जुमानतच नाही. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. बागायतदाराला हे उदाहरण ‘वाढबिंदू’ घेऊन कसं सांगाल?

तिरकमठा
‘वाढघुमटी’ करा.

बोलीभाषा
आता मशीद बांधा.

लोंगर
त्यापेक्षा ‘मेरिस्टेम’च ठेवा. जिबरेलिनला ‘जी. ए.’ म्हणणारा आणि वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटला ‘सी. सी. सी.’ म्हणणारा बागायतदार हाही शब्द पचवेल. पहिल्यांदा येईल तिथे डोळ्याचं चित्र द्या, आणि ‘शेंडा’ फक्त खुडण्यासाठी राखून ठेवा.

तिरकमठा
हा पराभव आहे. आणि तुम्ही सगळे ‘बाळी’ लिहिताय, त्याला ‘प्रतान’ म्हणतात.

बोलीभाषा
प्रतान कोण म्हणतं? बाळी म्हणजे कानातली बाळी. वळलेली असते म्हणून.

लोंगर
मला वाटायचं बाळ राहिलेला घड, म्हणून बाळी. घडाचीच कच्ची अवस्था ना ती.

सूक्ष्मदर्शी
कच्ची नाही, वेगळी. दोन्ही निघाले एकाच उंचवट्यातून.

बोलीभाषा
मग भिकबाळी कुठून निघाली तेवढं सांगा.