अँबॅसेडरचे मागचे यू-बोल्ट: आठातले दोन नट निघत नाहीत

मार्कचार_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. गाडी १९८२ची अँबॅसेडर, मार्क ४, पेट्रोल. वडिलांची. नऊ वर्षं ती गुहागरला काकांच्या घराच्या पडवीत उभी होती, यंदा दिवाळीनंतर ट्रकवर घालून पुण्याला आणली. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. वरून पत्रा बरा दिसतो, पण खाली वाकून पाहिलं की सगळं लालभडक.

मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) उतरवून नवी रबरी बुशं घालायची आहेत. पाटे ॲक्सलला बांधून ठेवणाऱ्या यू-बोल्टचे दोन्ही बाजूंचे मिळून आठ नट. सहा निघाले. डावीकडचे दोन जागचे हलत नाहीत. त्यातल्या एकाचे कोपरे मीच घालवले: १८चा रिंग पाना, त्यात तीन फुटी पाईप घालून जोर लावला, पाना सटकला आणि हात ॲक्सलवर आपटला. दोन टाके पडले. डब्ल्यूडी-४०चा अख्खा डबा संपला आहे.

एका गॅरेजवाल्याने गॅसने उडवून देतो म्हणून सांगितलं. पेट्रोलची टाकी मागेच आहे, त्यामुळे मन धजत नाही. वडील ७८ वर्षांचे आहेत, रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीशेजारी खुर्ची टाकून बसतात. त्यांनाही ज्योत नकोय. गॅसशिवाय उपाय आहे का?

पिंपळे_सौदागर_८००

डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी केलेलं आहे, नावातच ते आहे. मुरणारं तेल म्हणून ते कमी पडतं. माझ्या मारुतीला मी ॲसिटोन आणि एटीएफ (पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते तेल) निम्मं-निम्मं करून वापरतो. मिश्रण थोड्या वेळाने वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवून लावा. ॲसिटोन झटकन पेटतं आणि रंगही उडवतं, एवढं सांभाळा.

निवृत्त_फिटर_भोसरी

आधी एक सांगा. तो १८चा पाना नटावर खुळखुळत होता का? व्हर्नियर मिळवून निघालेल्या नटांचं समोरासमोरच्या बाजूंचं माप घ्या आणि इथे टाका. तोवर त्या दोन नटांना पाना लावू नका.

मार्कचार_सिंहगडरोड

शेजाऱ्यांकडून व्हर्नियर आणला. सहाही नट १७.४ ते १७.५ मिमी. १७चा पाना चढत नाही. १८ बसतो, पण हो, जरा हलतो.

निवृत्त_फिटर_भोसरी

मग दुखणं सापडलं. तुमची गाडी मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, तिचे नट इंचाचे. हा नट साडेपाच सुताचा, म्हणजे ११/१६ इंच, म्हणजे १७.४६ मिमी. १८च्या पान्यात अर्धा मिलीमीटर मोकळा राहतो. पाना सपाट बाजू धरत नाही, कोपऱ्यांवर चढतो. सहा नट सैल होते म्हणून चालून गेलं. मी ३१ वर्षं मेंटेनन्सला काढली. आमच्याकडे जुनी इंग्लिश मशीन आणि नंतर आलेली जर्मन मशीन शेजारी-शेजारी होती, आणि पाने दोन वेगळ्या फळ्यांवर टांगलेले असायचे. फळी चुकली की नट गेलाच. ज्यांच्याकडे फियाट आहे त्यांना हा त्रास नाही, ती मिलीमीटरची गाडी.

दुसरी गोष्ट. तेल तुम्ही नटाला पाजलंत. पण नट उतरताना ज्या आट्यांवरून जाणार ते पाहिलेत का? यू-बोल्टचे आटे नटाखाली इंचभर उघडे लोंबतात, चिखल आणि खारी हवा तिथेच बसते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे आटे फुगतात. नट सुटला तरी दोन फेऱ्यांत पुन्हा अडकतो आणि तिथे बोल्ट पिळतो. म्हणून पहिलं काम तारेच्या ब्रशने ते आटे चकचकीत दिसेपर्यंत घासायचं. अर्धा तास जाऊ द्या. डोळ्यावर चष्मा लावा, खालून सगळं तोंडावर पडतं.

मग तेल, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. वर सांगितलंय ते मिश्रण उत्तम. नटाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही तोंडांना लावा. प्रत्येक वेळी नटाच्या एका बाजूला मोठा हातोडा टेकवायचा आणि समोरच्या बाजूवर छोट्याने दहा-बारा टोले द्यायचे. सहाही बाजू अशा करायच्या. हे मनापासून करा. गंज ठिसूळ असतो, त्याला भेगा पडल्या की तेलाला आत वाट मिळते. नुसत्या तेलात भिजवलेला नट आणि तेल लावून ठोकलेला नट यांत मला फार फरक दिसलेला आहे.

चौथ्या दिवशी चांगल्या नटाला साडेपाच सुताची सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा. बारा कोनी नको. आधी आवळायच्या दिशेने किंचित जोर द्या, मग सोडवायच्या. नट सुटतो तेव्हा ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो. आवाज न होता तो मऊ मऊ फिरायला लागला तर लगेच थांबा, तेव्हा नट फिरत नसतो, बोल्ट पिळला जात असतो. पाव फेरी बाहेर, तेल, अर्धी पाव आत, पुन्हा बाहेर. एका दमात काढू नका.

कोपरे गेलेल्या नटाला कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू १७ मिमीपर्यंत आणा, इतर चारही थोड्या घासा, आणि १७ची सहा कोनी गोटी हातोड्याने ठोकून बसवा. अर्ध्या मिलीमीटरपेक्षा कमीच काढायचं आहे.

गॅसबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. तापवलं की नट सुटतो हे खरं, नट बोल्टच्या आधी तापून जरासा पसरतो. १२ मिमीचा नट तीनशे अंश तापला तर वाढ ०.०४ मिमी होते, तेवढीही पुरते. पण टाकीखाली आणि रबरी बुशांशेजारी नाही. ग्राइंडरसुद्धा नाही, ठिणग्या कुठवर जातात ते दिसत नाही.

आणि गाडी जॅकवर ठेवून खाली शिरत असाल तर आजच बंद करा. दोन्ही बाजूंना घोडी (जॅक स्टँड) लावा, चाकांना दगड लावा. पाईपला लटकून जोर देताना गाडी हलते.

रविवार_पेठ_हार्डवेअर

इंचाच्या गोट्या नव्या हव्या असतील तर बोहरी आळीत विचारा, जुन्या चांगल्या लोखंडाच्या हव्या असतील तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर. घेताना आतले कोपरे झिजलेत का ते बोट फिरवून पाहा.

दुसरं म्हणजे यू-बोल्ट वाचवायचा हट्ट नको. पाटे उतरवलेत तर यू-बोल्ट नवेच घालावेत, ताणलेले जुने पुन्हा लावू नयेत. तेव्हा वेळ आलीच तर नटाच्या एका बाजूला हॅक्सॉने तिरकी खाच पाडून छिन्नीने फोडा. नाना पेठेत जाताना जुना बोल्ट नमुन्याला घेऊन जा.

मार्कचार_सिंहगडरोड

सहा दिवसांनी लिहितोय. चांगला नट चौथ्या दिवशी निघाला. तो ‘कट्’ मला ऐकू आलाच, खुर्चीवरून बाबांनाही ऐकू गेला, ते उठून वाकून बघायला आले. पूर्ण बाहेर यायला वीस मिनिटं लागली.

कोपरे गेलेला मात्र ऐकला नाही. १७ची गोटी दोनदा सुटली, तिसऱ्यांदा नट मऊ फिरतोय असं वाटलं म्हणून थांबलो. हॅक्सॉने खाच पाडून छिन्नीचे पाच-सहा टोले दिले, नट दुभंगला. आत आट्यांवर काळी पावडर होती, तेल तिथवर पोचलंच नव्हतं. पाटे खाली आहेत. फिटर काका, नवे यू-बोल्ट ग्रीस लावून घालू का?

निवृत्त_फिटर_भोसरी

लोंबणाऱ्या आट्यांवर, नट आवळून झाल्यावर, ग्रीस फासा. आवळायच्या आधी नको, ग्रीसवर तोच जोर जास्त ताण देतो आणि बोल्ट ओढला जातो. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून, पाट्यांवर वजन आल्यावर करा. आठवडाभर चालवून आठही नट पुन्हा तपासा, पाटे बसले की ते थोडे सैल होतात.